जाते म्हणू नये

राक्षसानं सात गावं गिळली तेव्हा अंगणवाडी शांत होती. समुद्रातले मासे पोटं वर करून तरंगायला लागले, तेव्हाही तिला काही वाटलं नाही. आणि चित्रपट संपत आलेला असताना, मिठाची परी पाण्यात पाय टाकण्याआधी आपल्या लेकीकडं वळून नुसतं "जाते हं मी" म्हणाली, तर पडद्याखालची हिरवी रेघ एकदम लालभडक झाली.

"थांबव," मी म्हणालो. यंत्र चालवणाऱ्या अस्लम मुल्लाणीनं चित्र थांबवलं.

अंगणवाडी हे आमच्या यंत्राचं लाडाचं नाव. सरकारी कागदावर ती 'बालप्रतिसाद यंत्रणा' आहे, पण एवढं लांबलचक नाव घेऊन हाक कोण मारणार? कोल्हापूरच्या आमच्या परीक्षण केंद्रात तिला शिपायापासून संचालकापर्यंत सगळे अंगणवाडीच म्हणतात, कारण तिच्या पोटात बाराशे मुलं बसलेली आहेत. खरी मुलं नव्हेत, त्यांची प्रतिरूपं. दोन वर्षांपूर्वी राज्यभरातल्या मुलांच्या डोक्याला एक हलकी टोपी आणि मनगटाला पट्टी बांधून, ती काय ऐकतात, काय बोलतात, कशानं त्यांच्या छातीचे ठोके वाढतात, कशानंतर झोपेत दचकतात, हे महिनोन्‌महिने नोंदवलं गेलं. त्यावरून प्रत्येक मुलाचं गणितातलं एक जुळं भावंड म्हणावं असं प्रतिरूप तयार झालं. त्याला त्या मुलाच्या घरची भाषा येते, त्याचे हट्ट येतात आणि त्याची भीतीही येते.

या प्रतिरूपांना चित्रपट दाखवायचा. खऱ्या मुलाला दीड तास लागतो, यांना चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ पुरतो. मग ती प्रतिरूपं पुढचा आठवडा जगतात, म्हणजे गणितात जगतात, आणि यंत्र सांगतं की किती मुलं रडत उठली, किती जणांनी अंथरूण ओलं केलं, किती जण आईला सोडेनात. या सगळ्याचा मिळून एक आकडा येतो. त्याला आम्ही ओरखडा म्हणतो. ओरखडा चाळीसच्या आत असला की चित्रपट आठ वर्षांखालच्या मुलांना चालतो, वर गेला की नाही. शिवाय यंत्र नुसतं बोट दाखवून गप्प बसत नाही. काय बदललं तर ओरखडा खाली येईल तो उताराही सुचवतं, आणि आवाज, रंग, ओठांची हालचाल सगळं बदलून तयार दृश्यच समोर ठेवतं.

शेवटची सही मात्र कायद्यानं माणसाची. तो माणूस म्हणजे मी, पृथ्वीराज चौगुले, परीक्षक. यंत्राच्या विरुद्ध निर्णय द्यायचा अधिकार मला आहे, फक्त कारण लिहून द्यावं लागतं. तो अधिकार मी कधी वापरला नव्हता. माझ्या एकट्याच्या डोक्यापेक्षा बाराशे पोरांच्या डोक्याला जास्त कळतं, असं माझं अगदी प्रामाणिक मत होतं.

"उतारा बघू," मी म्हणालो.

यंत्रानं एकच अक्षर बदललं होतं. परी तशीच वळली, तिच्या पांढऱ्या केसांवर तोच उजेड पडला, आणि ती म्हणाली, "येते हं मी." रेघ हिरवी राहिली. ओरखडा एकसष्टवरून बावीसवर आला.

"एका अक्षराचं काम," अस्लम म्हणाला. "माणगावे बाईंना कळवून टाकू?"

"टाक."

माझा जीव भांड्यात पडला. 'मिठाची परी' हा चित्रपट येत्या सत्रात राज्यातल्या सगळ्या प्राथमिक शाळांत दाखवायचा, असं ठरलेलं होतं. त्यात माझ्या मुलीची शाळाही होती. परीचं ते "जाते हं" शमूच्या कानावर पडू नये असं मला त्या क्षणी फार वाटलं, आणि ते काम यंत्रानं माझ्या आधीच करून टाकलं होतं.

चित्रपटाच्या दिग्दर्शक रेवती माणगावे दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या. बहुतेक दिग्दर्शक येत नाहीत. उतारा बघतात, 'मान्य' कळवतात आणि पुढच्या कामाला लागतात. या बाई हुपरीच्या, चांदीच्या कारागिरांच्या घरातल्या. बारीक काम करायची सवय रक्तात असावी, कारण परीच्या अंगावरचा मिठाचा कण न् कण वेगळा चमकत होता.

"साहेब, उतारा मला मान्य नाही," त्या दारातूनच म्हणाल्या.

"बसा तरी."

"बसतो. पण मान्य नाही." आमच्याकडं बायकाही 'बसतो, करतो, येतो' असंच बोलतात. पुण्याहून बदलून आलेल्या माणसांना पहिले काही दिवस त्याची गंमत वाटते.

"अहो, एक अक्षर आहे," मी म्हणालो. "राक्षसाला हात लावलेला नाही, मेलेल्या माशांना हात लावलेला नाही. एवढा मान राखलाय तुमचा."

"गोष्ट काय आहे साहेब? राक्षसानं समुद्रातलं मीठ चोरून नेलंय. मासे मरायला लागलेत, गावं उपाशी पडलीत. ही परीच मिठाची. ती पाण्यात उतरली तर समुद्र खारट होणार आणि ती विरघळणार. विरघळलेलं मीठ परत परी होऊन बाहेर येतंय का? मग तिनं लेकीला येते का म्हणायचं?"

"कारण आपल्यात तसंच म्हणतात. आता इथून निघताना तुम्ही काय म्हणणार आहात?"

"येतो म्हणणार. कारण मी खरंच येणाराय परत, भांडायला."

अस्लम हसला. मला हसू आलं नाही. "तुमचा हट्ट राहिला तर चित्रपट आठ वर्षांवरच्यांना जाईल," मी म्हणालो. "ती पोरं तुमच्या राक्षसाकडं बघून जांभया देतील. ज्यांच्यासाठी केलात, त्यांनाच दिसणार नाही. त्यापेक्षा एक अक्षर सोडा की."

रेवतीबाईंनी खुर्ची पुढं ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेब, पुढचं दृश्य बघितलंत न्हवं? ती पोर रडती, रडून झाल्यावर उठती, घरी जाऊन चूल पेटवती. गावातली पोरं तिच्याकडं जेवायला येतात. आई येते म्हणाली असती तर उठली असती का ती? तिथंच वाळूत बसून राहिली असती की."

"सोमवारी सांगतो," मी म्हणालो.

वाळूत बसून राहण्याचं ते वाक्य त्या सहज बोलून गेल्या होत्या. त्यांना काय माहीत, की तशी बसून राहिलेली एक पोर माझ्या घरात होती.

शाल्मली, आमची शमू, सहा वर्षांची आहे. तिची आई, माझी बायको ऋतुजा, मागच्या उन्हाळ्यात वारली. रक्ताचा आजार निघाला आणि बघता बघता हाताबाहेर गेला. मुंबईला न्यायच्या दिवशी ती दारात कशीबशी वाकली, शमूच्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, "येतो हं शमू." डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलेलं होतं. तरी आवाज कुठं हलला नाही तिचा. मुंबईहून मी एकटाच परत आलो.

माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो, शमूला सांभाळायला आधीच आमच्याकडं येऊन राहिल्या होत्या. मी जिन्यातच होतो तेव्हा त्या बाहेर आल्या आणि दार ओढून घेऊन म्हणाल्या, "पोरीला एवढ्यात कळू द्यायचं न्हाई. लांबच्या दवाखान्यात हाय म्हणायचं. जरा मोठी झाली की आपोआप समजंल." कुणीतरी काहीतरी ठरवून द्यावं असंच मला तेव्हा झालं होतं. मी मान हलवली. दिवसकार्य मामींच्या माहेरी निपाणीला उरकलं. भिंतीवर फोटो लावला नाही.

शमू तेव्हापासून घर सोडत नाही. शाळेत जाते, कारण शाळेच्या वेळेत आज्जी घरी असते. शाळा सुटली की तडक घर. मैत्रिणीचा वाढदिवस नको, रंकाळा नको, बागेतला झोपाळा नको, कारण तिकडं न्यायला आज्जीलाही घर सोडावं लागतं. "आई आली आणि कुलूप असलं तर?" असं ती विचारते. मजल्यावर लिफ्टचं दार वाजलं की हातातला घास ताटात टाकून उठते. लिफ्टमधून कुणीही निघतं. दूधवाला, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी. ती त्यांच्याकडं बघते, परत येऊन बसते आणि जेवण पुरं करते. रडत नाही. तिच्या मनगटावर पट्टी बांधली असती तर ओरखडा शून्याजवळच दिसला असता.

शनिवारी सकाळी पाण्याच्या टाकीचं मीटर बसवायला एक जण आला होता. काम झाल्यावर पिशवी उचलून तो म्हणाला, "जातो मावशी."

"जातो म्हणू ने रं बाबा," मामी लगेच म्हणाल्या. "येतो म्हण."

"चुकलं मावशी. येतो, येतो."

शमू जवळच चित्र रंगवत बसली होती. तिचा हात कागदावर जागच्या जागी थांबला होता आणि मान खांद्यात गेली होती, पाठीत कुणी धपाटा घालणार असल्यासारखी. मीटरवाला जिना उतरून गेला, तेव्हा कुठं तिनं पुन्हा खडू फिरवला.

एका अनोळखी माणसाच्या निरोपाला ही पोर का घाबरावी? मी चहाचा कप तसाच ठेवला आणि अस्लमला फोन केला.

सुट्टीचा दिवस असूनही तो आला. मी त्याला आमच्या संग्रहातला एक जुना, मान्य झालेला विनोदी चित्रपट काढायला सांगितला. त्यात एक लठ्ठ मांजर पिशवी घेऊन बाजाराला निघते आणि पिल्लांना "येते हं" म्हणते. ओरखडा होता नऊ. "आता तिला जाते म्हणायला लाव," मी म्हणालो.

ओरखडा त्रेचाळीस झाला.

"आयला," अस्लम म्हणाला. "भाजीला चाललेल्या मांजरीला कोण घाबरतंय?"

"तुझ्या घरी काय म्हणतात रे निघताना?"

"जाऊन येतो म्हणायचं. नुसतं जातो म्हटलं की अम्मी परत आत बोलवायची, पाणी पाजायची आणि मग सोडायची." बोलता बोलताच तो थांबला. त्याच्याही ध्यानात आलं होतं.

परीच्या मरणानं बाराशे पोरं घाबरलेली नव्हतीच. ती त्या शब्दाला घाबरली होती, आणि त्या शब्दाची भीती त्यांच्या कानात आपणच भरून ठेवली होती, दारात उभं राहून, रोज. यंत्रानं मुलांची शरीरं मोजली होती. त्या शरीरांत आमच्या घराघरांतल्या मामी आणि अम्मी बसल्या होत्या, आणि यंत्र त्यांनाही मुलांची भीती म्हणूनच मोजत होतं.

एवढ्यावर कारण लिहून सही करता आली असती. पण सही केली की ती परी "जाते" म्हणत शमूच्या शाळेत येणार होती, आणि शमू वर्गात बसून ते ऐकणार होती. तिला आधी सांगायला हवं होतं. आणि सांगायचं कसं, ते मला येत नव्हतं. इतके महिने आलं नव्हतं.

"अस्लम," मी म्हणालो, "शमू आहे ना यात?"

तो खुर्चीत वळला. मुलं गोळा करताना कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही घेतलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ऋतुजाच्या आजाराचा मागमूस नव्हता तेव्हाची गोष्ट. शमू चार वर्षांची होती आणि त्या टोपीला मुकुट म्हणायची.

"साहेब, एका मुलाचं प्रतिरूप वेगळं काढून चालवायचं नाही, असा नियम आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मला एक वाक्य पाहिजे अस्लम. तिला कमीत कमी लागेल असं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग कळफलक ओढला. आई मेल्याचं मुलाला सांगायची वाक्यं तयार करायला त्यानं यंत्राला लावलं आणि एकेक वाक्य त्या चार वर्षांच्या शमूला ऐकवायला सुरुवात झाली. प्रत्येक वेळी ती नव्यानं ऐकायची, कारण आधीचं पुसलेलं असायचं. आकडे भराभर खालीवर होऊन स्थिरावले. सगळ्यांत कमी ओरखड्याचं वाक्य सगळ्यांत वर आलं.

'आई येतो म्हणालीय ना, मग येणार.' ओरखडा तीन.

त्याखाली होतं, 'आई लांब आहे, पण बरी आहे.' त्याखाली, 'आई तुझ्यासाठी खाऊ आणायला गेलीय.' मी खाली खाली वाचत गेलो. खोटी वाक्यं संपली, अर्धवट वाक्यं आली, चांदण्या आल्या, देवबाप्पा आला, आणि चाळीसची रेघ ओलांडून गेल्यावर पहिलं खरं वाक्य भेटलं. त्यानंतरची सगळी खरी होती.

"चाळीसच्या आत एकही खरं नाही?"

"यंत्राला खरं-खोटं कळत नाही साहेब. लागतं किती, तेवढंच कळतं."

"आठवड्यापुढं ने. वर्षभरानं काय होतं ते दाखव. खोट्या वाक्याचं आणि खऱ्या वाक्याचं, दोन्हींचं."

अस्लमनं नेलं. दोन्ही रेघा काही अंतर सरळ गेल्या आणि मग पसरून त्यांचं धुकं झालं. "पुढचं अंगणवाडीला माहीत नाही," तो म्हणाला. "मोजणी आठवड्याचीच केलेली. पुढचं कुणी मोजलंच नाही."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "सरळ सांगितलं, आई मेली म्हणून, तर ती पहिलं काय म्हणते?"

पडद्यावर अक्षरं उमटली. 'मग माझी वेणी कोण घालणार?'

मला ते बघवेना. त्या चार वर्षांच्या शमूची आई अजून जिवंत होती, स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती, आणि बाप म्हणवणारा मी तिला बाहेरून पुन्हा पुन्हा आई मेल्याचं सांगत होतो, स्वतःला सोपं जावं म्हणून. माझी मलाच शिसारी आली. "बंद कर," मी म्हणालो. "सगळं पूस."

अस्लमनं पुसलं. मग उठून त्यानं खिडकी उघडली.

मी तिथंच बसून कारण लिहिलं. 'जाते या शब्दाची भीती या चित्रपटानं निर्माण केलेली नाही. ती मुलांना घरी शिकवलेली आहे. ही परी परत येणार नाही, आणि ती तसं सांगते आहे. तिचं बोलणं बदलू नये. मुलांसोबत मोठ्या माणसांनी बसून चित्रपट पाहावा.' खाली सही केली. ओरखडा एकसष्ट, तरी सर्वांसाठी मान्य. असा निर्णय केंद्रातून कधी गेला नव्हता, त्यामुळं वरून विचारणा होणार हे उघड होतं.

रेवतीबाईंना फोन केला. निर्णय सांगितला. त्या म्हणाल्या, "तुमच्या नोकरीवर काही येणार नाही न्हवं साहेब?"

"बघू."

"मी भांडायची सगळी तयारी करून ठेवलेली हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदम कसं काय ऐकलंत?"

"घरी एक काम आहे माझं," मी म्हणालो. "ते झालं की कधीतरी सांगेन."

रविवारी दुपारची जेवणं झाली. मामी आत भडंगासाठी लसूण परतत होत्या, वास घरभर सुटला होता. शमू गॅलरीच्या दाराशी फरशीवर पालथी पडून चित्रातल्या हत्तीला जांभळा रंग देत होती. मी तिच्याशेजारी खाली बसलो. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं. वेणी मी घालेन, मला शिकव, असं उत्तरही तयार ठेवलं होतं.

"शमू, तुला एक सांगायचंय. आईचं."

ती ताडकन उठून बसली. "कधी येणार?"

"ती येणार नाही बाळा."

"उद्या?"

"कधीच नाही. आई मेली शमू."

हा शब्द आपण आपल्या माणसाबद्दल वापरत नाही. तो पालीसाठी, उंदरासाठी असतो. पण बाकीचे सगळे शब्द मी घोळवून पाहिले होते आणि त्या प्रत्येकात ऋतुजा कुठंतरी गेलेली होती. गेलेलं माणूस येऊ शकतं. आत झारा कढईत पडल्याचा आवाज आला.

"गॅलरीतली चिमणी मेली होती तशी?" शमूनं विचारलं.

"हो. तशी."

"दवाखान्यात?"

"हो. मी होतो तिच्याजवळ. हात धरला होता मी तिचा."

शमू माझ्याकडं बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, गणित चुकल्यावर पडते तशी. वेणीचा प्रश्न आता येईल म्हणून मी वाट पाहत होतो. तो आलाच नाही. अंगणवाडीतली शमू चार वर्षांची होती, आणि ही सहाची होती आणि दाराकडं डोळे लावून बसली होती.

"मग ती येतो का म्हणाली?"

याचं उत्तर मी घोकलेलं नव्हतं.

"आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत," मी म्हणालो. "येतो म्हणायची पद्धत असते. येणार नसलं तरी."

"मला कुणी सांगितलंच नाही," शमू म्हणाली. "ते नुसतं म्हणायचं असतं म्हणून मला कुणी सांगितलंच नाही. मला खरंच वाटलं."

"तिला यायचं होतं शमू. लई लई यायचं होतं. ते खोटं नव्हतं."

तिनं मूठ आवळून माझ्या छातीवर मारली, मग दुसरी मारली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. इतके महिने गप्प राहिलेलं ते पोर असं ओरडून रडत होतं, की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. मी तिला धरून बसलो. मीही रडत होतो. तिला गप्प कर असं कुणी म्हणू नये, एवढंच मला वाटत होतं.

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा संतापानं लाल झाला होता. "काय केलंसा हे पृथ्वीराज? एवढ्याशा पोरीला? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मामी, तिनं अजून किती वर्षं दाराकडं बघायचं?"

शमूनं हुंदके देत त्यांच्याकडं पाहिलं. "आज्जी, आई मेली," ती म्हणाली, आज्जीला हे माहीत नसावं आणि आपणच तिला सांगायला हवं अशा आवाजात.

भिंतीला धरून मामी खाली बसल्या. शमू माझ्या मिठीतून सुटून त्यांच्या मांडीवर जाऊन पडली, आणि मामींचा हात तिच्या केसांवरून फिरायला लागला. आत लसूण करपला. उठून गॅस बंद करायचं भान आम्हाला कुणालाच नव्हतं. शेवटी मीच उठलो, बंद केला आणि परत येऊन बसलो. शमूचे हुंदके लांब लांब येऊ लागले होते.

"येवढं रडायचं? येवढं?" मामी तिच्या केसांत बोटं घालत, कुणाशी बोलतोय हेही न कळता बोलायला लागल्या. "आईपण तुझी अशीच. एकदा सुरू झाली की गल्ली गोळा करायची. लई हट्टी होती गं तुझी आई."

होती, असं त्या म्हणाल्या. बोलून गेल्यावर ते त्यांच्याच कानावर पडलं असावं, कारण त्यांचा हात केसांत थांबला. आमच्या घरात ऋतुजा आजवर नुसती 'आहे' होती. दवाखान्यात आहे, लांब आहे, बरी आहे.

शमूनं तोंड वर केलं. नाक फ्रॉकच्या बाहीला पुसलं आणि आज्जीकडं बघत विचारलं, "आणि कशी होती?"